नानांच्या नावाचं सील

६ ऑक्टोबर, सोमवार

आधी एक दुरुस्ती. २७ सप्टेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे की मास्तरीणबाईंनी माझी बॅग विकत मागितली आणि मला नाही म्हणता आलं नाही. हे खोटं आहे. त्यांनी मागितली नव्हती. मीच त्यांना विचारलं, तेही दोनदा. पहिल्यांदा त्या म्हणाल्या होत्या, अगं, तुझी पहिलीवहिली बॅग ती, तू का देतेस? तेव्हा मी सांगितलं की मला खांद्यात सैल होते. सैल होत नाही. अगदी मापात बसते.

वहीत चूक झाली तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, पुढे तारीख घालून दुरुस्ती लिहायची, असं आईने मी सहा वर्षांची असताना शिकवलं. म्हणून हे.

दुरुस्तीच करायची तर पुरती करते. बॅग म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवरचं सगळं बिऱ्हाड: पट्टे, रोजचं मोठं पॅराशूट, आणि ते उघडलं नाही तर उघडायचं दुसरं, ज्याला सगळे रिझर्व्ह म्हणतात. ऑगस्टमध्ये दादाने मला एक जुनी बॅग मिळवून दिली. दुकानांच्या मागच्या पार्किंगमध्ये एक माणूस ती घेऊन आला. त्याने डिकी उघडली आणि बॅग बाहेर काढली ती डाव्या अंगाच्या लाल मुठीला धरून, बादली उचलावी तशी. ती रिझर्व्हची मूठ. ती ओढली की रिझर्व्ह बाहेर पडतं. दोन दिवसांचा शिकाऊसुद्धा त्या मुठीला असा हात लावत नाही. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, बॅग याच्या मेव्हण्याची आहे, मेव्हण्याने उड्या सोडल्या, याला त्यातलं काय कळतंय. किंमत बाजारभावापेक्षा किंचित कमी होती. फार स्वस्त असती तर मीच नको म्हटलं असतं, असंही दादा म्हणाला. ते मला पटलं.

चोरीच्या सामानाची यादी मी आधीच पाहिली होती. बॅगेचा नंबर तिच्यात नव्हता. रिझर्व्हचा नंबरही नव्हता. पण रिझर्व्ह घडी करून सीलबंद असतं, त्याच्या कापडावर छापलेला नंबर बाहेरून दिसत नाही. कप्प्यातल्या कार्डावर जो लिहिलेला असतो तोच सगळे धरतात. मीही धरला.

तरी ती मूठ डोळ्यांसमोरून जाईना. पाच आठवडे बॅग माझ्या पलंगाखाली होती. दर शनिवारी मी काहीतरी कारण काढून उडी टाळली: कधी डोकं दुखतंय, कधी टेबलावर काम पडलंय. आणि मग बॅग विकून टाकली. म्हणजे जी वस्तू मला माझ्या पाठीवर नको वाटली, ती मी दुसऱ्याच्या पाठीवर दिली. हे वाक्य २७ तारखेलाच लिहायला हवं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर काम. बाबा रिगर आहेत. रिझर्व्हची घडी घालून त्यावर स्वतःचं सील लावण्याचा परवाना असलेला माणूस म्हणजे रिगर, आणि जिथे आम्ही उड्या मारतो त्या मैदानाच्या आसपास असे दोघेच आहेत. आमच्या घराचा वरचा मजला म्हणजे बाबांचं टेबल. दहा मीटर लांब, हात फिरवला तर कुठे अडणार नाही इतकं गुळगुळीत. आधी टेबल आलं आणि मग त्याच्याभोवती घर बांधलं असं आई सांगते, ते जवळजवळ खरं आहे. आई कोपऱ्यात मशीनवर पट्टे शिवते.

दादा चौदाव्या वर्षी कंटाळून शाळेत गेला. मी गेलेच नाही. माझी बेरीज-वजाबाकी पॅराशूटच्या दोऱ्या मोजून झाली, भूमिती घड्या घालून झाली, शुद्धलेखन कार्डं लिहून. मास्तरीणबाईंना याचं फार अप्रूप आहे. त्या तिसरीला शिकवतात. "शाळेचं तोंड न पाहिलेली पोर, आणि अक्षर बघा," असं त्या मैदानावर सगळ्यांना सांगतात, "माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, एकाचंही मला वाचता येत नाही." वय बावन्न. नवरा गेल्यावर घराचं छत फार जवळ आल्यासारखं वाटायला लागलं म्हणून उड्या मारायला आल्या, असं त्याच सांगतात. आणि वर हसतात.

नोव्हेंबरमध्ये माझी परीक्षा आहे. पास झाले तर मला स्वतःचं सील मिळेल. तोवर मी रोजचं पॅराशूट बांधू शकते, रिझर्व्हला मात्र बाबा शेजारी असतील तरच हात लावायचा. आणि लावलेलं सील तोडणं मला पूर्ण वर्ज्य. तोडलं तर परीक्षेला कायमची बंदी.

आज बाबांना सुईत दोरा ओवता येईना. तीनदा प्रयत्न केला. आई उठली, ओवून दिला आणि परत जाऊन बसली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चोरीच्या यादीत दर गुरुवारी भर पडते. मी ती दर गुरुवारी वाचते. दादा यावरून मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणतो.

आज एक नवी नोंद आहे. ती जशीच्या तशी उतरवते.

"मे महिन्यात माझ्या गाडीच्या डिकीतून एक रिझर्व्ह चोरीला गेलं. पांढरं, मधल्या मापाचं. खाली कापडावरचा नंबर दिला आहे. मी तेव्हा तक्रार केली नाही, कारण ते टाकून द्यायलाच नेत होतो. डिकीत बॅटरी कलंडून तिचं आम्ल त्यावर सांडलं होतं. टाकाऊ वस्तूची कसली तक्रार, असं वाटलं. आता एक मित्र म्हणतो की असं सामान कुणीतरी दुसऱ्या बॅगांत घालून विकतंय. तेव्हापासून मला झोप नाही. ज्याच्याकडे ते असेल त्याने कृपया वापरू नये. चोराने हे वाचलं तर त्यालाही माझं हेच सांगणं आहे. मी पोलिसांत जाणार नाही. फक्त ते पाठीवर घेऊ नका."

नंबर मी माझ्या बॅगेच्या कार्डाशी ताडून पाहिला. कार्डाची नक्कल मी विकताना ठेवली होती. नंबर वेगळा आहे. कंपनी तीच, माप तेच, रंग पांढरा. पण रिझर्व्ह बहुतेक पांढरीच असतात.

तेव्हा आपला याच्याशी संबंध नाही. हे लिहून मी वही मिटली होती, परत उघडली.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी एक धडा घेतला होता. पॅराशूटच्या कापडाचा पांढरा चौकोन टेबलावर ठेवला आणि काचेच्या कांडीने त्यावर बॅटरीतल्या आम्लाचा एक थेंब सोडला. काय दिसतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ओलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, आता काय दिसतंय. मी म्हटलं, काही नाही, वाळलं. मग म्हणाले, बोट लाव. माझं बोट कापडातून आरपार गेलं, साय फाटावी तसं. मी रडले होते. आई बाबांना रागावली की असले धडे कशाला. बाबा म्हणाले, हिला डोळ्यांवर कमी विश्वास ठेवायला शिकवतोय.

११ ऑक्टोबर, शनिवार

मैदानावर गेले. मास्तरीणबाई बॅग अंगाला बसवून घ्यायला आल्या होत्या. पुढच्या शनिवारी, १८ तारखेला, त्या या बॅगेवर पहिली उडी मारणार आहेत. आजवर मैदानाची भाड्याची बॅग वापरायच्या. दादा त्यांचा शिक्षक, तोच बरोबर उडी मारेल. सोमवारी त्या वर्गाची सहल घेऊन जातात, शुक्रवारी दुपारी परत. तोवर बॅग शाळेत, नकाशांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहील. पोरांनी पृथ्वीचा गोल फोडला पण त्या कपाटाला अजून हात लागलेला नाही, म्हणाल्या.

पट्टे आवळताना मी त्यांच्या पाठीमागे होते. रिझर्व्हच्या झाकणाखाली सील असतं: लाल दोरा आणि त्यावर चेपलेला शिशाचा मणी. प्रत्येक रिगरचा स्वतःचा चिमटा असतो आणि मणी चेपला की त्याची खूण त्यावर उमटते. विकत घेताना मी सील शाबूत आहे एवढंच पाहिलं होतं. दाराला कुलूप आहे ना हे पाहतो, ते कुणाचं हे कोण विचारतं? आज भिंग लावून पाहिलं.

नंतर प्रमुखांच्या खोलीत रिगरांच्या खुणांची वही मागितली. मैदानाची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते हे प्रमुख, मोजकं बोलणारे. काय शोधतेस, म्हणाले. मी म्हटलं, परीक्षेची तयारी. परीक्षेत खुणा विचारतात हे खरं आहे. तरी ते उत्तर खोटंच झालं.

खूण आताच्या पानांवर नव्हती. मागच्या, लाल रेघ मारलेल्या पानावर सापडली. ती नानांची खूण आहे. नाना म्हणजे बाबांचे गुरू. मी रांगत होते तेव्हापासून ते आमच्या टेबलावर यायचे. तीन हिवाळ्यांपूर्वी वारले.

कार्डावर घडी घातल्याची तारीख यंदाची १२ जून आहे.

बाई आरशासमोर बॅग घालून वळून वळून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, नववधूसारखं वाटतंय गं. लग्नातही नव्हतं वाटलं इतकं." मी म्हटलं, छान दिसते.

१२ ऑक्टोबर, रविवार

नाना गेल्यावर त्यांचा चिमटा त्यांच्या मुलीने बाबांकडे आणून दिला होता. टेबलाच्या शेवटच्या खणात, निळ्या फडक्यात. तो चोरीला गेला असणार, या धास्तीने मी सकाळी आई-बाबा बाजारात गेल्यावर खण उघडला.

चिमटा जागेवर आहे. जीव भांड्यात पडला. फडक्याची घडीसुद्धा बाबा घालतात तशी, टोकाला टोक. चिमट्याला तेल लावलेलं होतं, जबड्याची धार लखलखीत, एका कोपऱ्यात शिशाचा बारीक चुरा. बाबा अजून त्याची देखभाल करतात. नानांवर त्यांची माया तशीच आहे हे पाहून मला भरून आलं.

म्हणजे नानांनी कधीतरी दुसरा चिमटा करून घेतला असणार, आणि तो कुणा भामट्याच्या हाती लागला असणार. असंच असलं पाहिजे.

जिन्यात दादा भेटला. त्याला खुणेचं सांगितलं. चोरीच्या यादीतली नोंदही सांगितली. तो पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, ती बांधायला त्याने खूप वेळ लावला. मग म्हणाला, "तू नंबर पाहिलास ना? वेगळा आहे ना? मग झालं."

मी म्हटलं, नंबर कार्डावरचा पाहिला, कापडावरचा नाही.

"मग आता सगळ्या मैदानाच्या बॅगा उसव. इन्स्पेक्टरीणबाई, हजार उड्या मारल्यात मी. रिझर्व्ह किती वेळा लागलं? दोनदा."

मी म्हटलं, त्या दोन वेळांनंतर तू माझ्यासमोर आता बसला आहेस.

तो हसला नाही. एरवी असल्या उत्तरावर तो माझ्या डोक्यात टपली मारतो. बाबांच्या कानावर हे घालू नकोस, म्हणाला. परवान्यासाठीची डोळ्यांची तपासणी जवळ आलीये, आधीच त्यांना झोप नाही.

मला दादाचं हे आवडलं, की तो बाबांची काळजी करतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बाबांच्या कानावर घातलं. दादाला मी घालणार नाही असं म्हटलेलं नव्हतं, फक्त गप्प राहिले होते. तरी हेही एक प्रकारचं फसवणंच.

दुपारी ते दोऱ्या तपासत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, नानांकडे दोन चिमटे होते का. नाही, म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, असतीलही. मग मी चोरीच्या यादीतली नोंद मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचा हात दोरीवर थांबला.

"परत वाच."

मी परत वाचली.

"डाग नव्हता," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"असा डाग लपत नाही म्हणतोय मी. पांढऱ्या कापडावर दिसतोच."

मी त्यांना त्या पांढऱ्या चौकोनाची आठवण करून दिली, काहीही दिसत नव्हतं आणि माझं बोट आत गेलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. आधीच स्वच्छ होता. मग विचारलं, "तुझी बॅग पलंगाखालीच आहे ना, बाळ?"

मी म्हटलं, विकली. कुणाला, म्हणाले. मास्तरीणबाईंना. कधी. सत्तावीस तारखेला. त्या कधी उडी मारणार. शनिवारी.

ते खुर्ची ओढून बसले. काम चालू असताना बाबा कधी बसत नाहीत.

"मला कुणी सांगितलं नाही," म्हणाले. हे माझ्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून.

खरं तर मी सांगितलं नाही कारण त्यांनी त्या बॅगेबद्दल कधी काही विचारलंच नाही. घरात आलेली प्रत्येक बॅग ते उघडून, ताणून, वास घेऊन बघतात. शेजाऱ्यांच्या मुलाचं दप्तरसुद्धा एकदा त्यांनी तपासलं होतं. माझी बॅग पाच आठवडे घरात होती, तिला त्यांनी बोट लावलं नाही. मला वाटलं, माझ्यावर सोपवलं असेल. मोठी झाले म्हणून.

मी विचारलं, काय करायचं. "मी बघतो," म्हणाले.

हलकं वाटलं. आता हे माझ्या हातात नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल काहीच झालं नाही. आज दादा सकाळीच आला. तो आणि बाबा आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. आईने मशीन सुरू केलं. बराच वेळ चालवत होती. मी जवळ जाऊन पाहिलं तर सुईत दोराच नव्हता, नुसतीच सुई कापडात भोकं पाडत होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. चालू दे."

मशीनच्या आवाजातून दादाचं एकच वाक्य माझ्यापर्यंत आलं: तुम्हीच म्हणालात ना तेव्हा, एवढ्या वेळी निस्तरतो. बाबांचं उत्तर ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "ती बॅग ठीक आहे. मी पाहिलंय."

बॅग रविवारपासून शाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली बाईंबरोबर सहलीला. मी विचारलं, कधी पाहिलंत? उत्तर दादाने दिलं. म्हणाला, बाबांनी सांगितलं ना, मग कधी अन् कुठे कशाला?

मी म्हटलं, मग प्रमुखांना फोन करून एवढंच सांगू, की त्या खुणेत काहीतरी घोटाळा आहे. तेच उघडून बघतील.

दादाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "कर. विकत कुणी घेतली, तू. विकली कुणी, तू. कागदावर सही कुणाची, तुझी. पार्किंगमधल्या त्या माणसाचं नाव सांगता येईल तुला? नाही ना. मग ते तुलाच विचारतील. आणि नानांची खूण म्हटल्यावर हे टेबल बंद करतील, आईचं मशीनही. बाई एक उडी मारतील, मोठं पॅराशूट उघडेल, उघडतंच, खाली येऊन पोरांना गोष्ट सांगतील. संपलं."

बाबा त्याच्या शेजारी उभे होते. मी वाट बघत होते की ते म्हणतील, असं बोलू नकोस तिला. ते टेबलावरचा एक न दिसणारा धागा नखाने काढत होते.

जेवताना आई म्हणाली, ते दोघं काही खात नाहीत, निदान तू तरी खा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून एक वाक्य लिहायचं टाळते आहे. ते आधी लिहिते. सीलबंद रिझर्व्ह मी पाहिलंय असं जो माणूस म्हणतो, तो सील लागण्याआधी तिथे असला पाहिजे.

आणि ते सील १२ जूनला लागलं. त्या आठवड्यात आई आणि मी मावशीकडे होतो. जूनची वही काढून पाहिली. आम्ही परत आलो त्या दिवशी मी लिहिलं आहे: बाबांनी आमच्या गैरहजेरीत टेबल दोनदा पुसून ठेवलं, किती चकचकीत.

बाबांनी आम्ल पाहिलं नाही. यावर माझा विश्वास आहे. पाहिलं असतं तर त्यांनी ते घडी घालून माझ्याकडे येऊ दिलं नसतं. ते माझ्यासाठी आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ती घडी आयुष्यातली सगळ्यात नीट घातली असेल, यावरही माझा विश्वास आहे. पण त्यांना सुईचं भोक दिसत नाही.

सकाळी मास्तरीणबाईंना फोन केला. पाठ केलेलं वाक्य होतं: बाई, शनिवारी त्या बॅगेवर उडी मारू नका. त्यांनी उचलताच मागे पोरांचा कल्ला. म्हणाल्या, काल मी सगळ्यांना सांगितलं की तुमची बाई आकाशातून पडणार आहे, तर एकीने चित्र काढलंय, मी खाली आणि पॅराशूट वर ढगात अडकलेलं, आता तिला कसं समजावू? आणि हसत सुटल्या. माझ्या तोंडून निघालं, बाई, बॅग उन्हात ठेवू नका. त्या म्हणाल्या, अगं ती कपाटात आहे. मी म्हटलं, हो, बरोबर. फोन ठेवला.

म्हणजे फोनवर मला हे जमणार नाही. माझ्याबद्दल हे आज कळलं, आणि ते धरूनच पुढचं ठरवायला हवं.

दुपारी दादाने दोनदा विचारलं की शाळेची बस उद्या किती वाजता पोचते. बाईंना त्रास नको, बॅग मी परस्पर मैदानावर नेतो, म्हणाला. मी पाच सांगितलं. बस चारला येते. मी मोठी झाल्यापासून दादाशी ठरवून बोललेलं हे पहिलं खोटं आहे आणि ते बोलताना माझा आवाज जराही कापला नाही.

संध्याकाळी बाबांनी एका गिऱ्हाइकाचं रिझर्व्ह बंद केलं. मी शेजारी होते. घडी संपली की हत्यारं मोजायची. ताटलीत नऊ असतात. एखादं कमी भरलं तर ते आत राहिलं असं धरून सगळं पुन्हा उसवायचं, मग रात्र झाली तरी चालेल. ताटलीत आठ होती. दोरा कापायची छोटी कात्री मी दुपारीच माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकली होती. मी हात खिशाकडे नेला, आता बाबा उसवायला लागणार म्हणून. बाबांनी ताटलीकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे. आणि नोंदवहीत लिहिलं: नऊ. डोळे खरंच गेले आहेत त्यांचे, आता आकडाही दिसत नाही.

मग हात पुसता पुसता म्हणाले, "सील तोडताना दोरा गाठीकडून कापायचा. शिशाकडून नाही. मणी फुटला तर खूण वाचता येत नाही, आणि ती वाचता यायला हवी."

परीक्षेत विचारतात म्हणून सांगितलं असावं. मी म्हटलं, लक्षात ठेवते.

"आणि घाई करू नकोस," म्हणाले. "हाताला लागेल."

आता ठरलेलं लिहिते. उद्या दुपारी बारापर्यंत मी टेबलापाशीच असेन. तेवढा वेळ बाबांचा. त्यांनी स्वतः प्रमुखांना फोन केला तर ते सगळ्यात चांगलं. मी त्यांना आठवण करून देणार नाही.

नाही केला, तर साडेतीनला शाळेच्या फाटकाशी. बाई बसमधून उतरल्या की त्यांच्याकडून कपाट उघडून घ्यायचं, बॅग बाकावर ठेवायची आणि काही बोलायच्या आत दोरा कापायचा, गाठीकडून. सील तुटलेल्या बॅगेवर कुणालाही उडी मारता येत नाही, दादालाही ती विमानात चढवता येणार नाही. मग रिझर्व्ह वर्गाच्या जमिनीवर पसरायचं. कापडावरचा नंबर बाईंनी वाचायचा, मी नाही. त्यानंतर त्यांच्यासमोर प्रमुखांना फोन. विक्रीचा कागद आणि चोरीच्या यादीतली नोंद बरोबर नेते आहे. पार्किंगमधल्या माणसाचं नाव मला माहीत नाही, हेही सांगेन, आणि त्याची ओळख कुणी करून दिली तेही. टेबलाबद्दल मला कुणी विचारलं तर खणात काय आहे ते सांगेन.

नंबर वेगळा निघाला, कापड धडधाकट निघालं, तरी सील मी तोडलेलं असेल. नोव्हेंबरची परीक्षा गेली, पुढच्याही. ते चालेल.

आईला सांगितलं नाही. तिने न विचारता माझे बळकट बूट पुसून दाराशी ठेवले आहेत.

ठरलेली वेळ: शुक्रवार, १७ ऑक्टोबर, दुपारी चार.